कॉफी आंबवून खरंच जास्त पैसे होतात का? साताऱ्याकडच्या शेतकऱ्यांचे सारखे येणारे प्रश्न

पाचगणी, महाबळेश्वर, जावळी, पाटण या डोंगरपट्ट्यात ज्यांनी परसात किंवा स्ट्रॉबेरीच्या बांधाला कॉफीची रोपं लावलीत त्यांच्याकडनं तेच तेच प्रश्न येतात, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतोय. क्रम असा काही लावलेला नाही, ज्याला जे पाहिजे ते वाचा. पण हिशोबाचा प्रश्न मात्र कुणी सोडू नका.

रीलमध्ये दाखवतात की फळं निळ्या बॅरलमध्ये चार दिवस बंद करून ठेवली की कॉफी तिप्पट भावानं जाते. खरंय का?

अर्धं खरंय. फर्मेंटेशननं, म्हणजे आंबवण्यानं, चव बदलते, आणि वेगळ्या चवीला जास्त पैसे देणारी गिऱ्हाईकं पण आहेत, नाहीत असं नाही. पण बॅरलमधनं भाव निघत नाही. कच्ची, अर्धी पिकलेली, किडकी फळं आत भरली तर चार दिवसांनी आंबलेली कच्ची, अर्धी पिकलेली, किडकी फळंच बाहेर येणार, वर मेहनत फुकट. हे चवीचं फॅड नक्की कुणी आणलं माहितीये का? २०१५ ला साशा शेस्टिच नावाच्या ऑस्ट्रेलियाच्या बरिस्तानं (कॉफी बनवून देणाऱ्यानं) वाईनवाल्यांची कार्बनिक मॅसरेशनची, म्हणजे अख्खी फळं कार्बन डायऑक्साईडमध्ये बंद ठेवून आंबवायची, पद्धत कॉफीला लावून जागतिक बरिस्ता स्पर्धा जिंकली, त्यानंतर अनएरोबिक (हवाबंद), कार्बनिक हे शब्द सगळीकडं सुरू झाले. आणि गंमत बघा, २०२५ मध्ये पनामाच्या लिलावात एक लॉट (एका खेपेचा माल) किलोला ३०,००० डॉलरच्या वर गेला, तो साधा वॉश्ड (धुवून काढलेला) गेशा जातीचा माल होता, त्यात बॅरलची कसलीच करामत नव्हती. जात, उंची, तोडणी आणि नाव, पैसे त्याचे पडले. (तो लॉट २० किलोचा होता हेपण ध्यानात ठेवा, नाहीतर लगेच एकराला गुणायला बसाल.)

मुळात फर्मेंटेशन म्हणजे काय, आणि ते केल्याशिवाय चालत नाही का?

फर्मेंटेशन सगळ्याच कॉफीत थोडंफार होतंच, तुम्ही करा किंवा करू नका. फळाच्या सालीखाली बीला चिकटलेला बुळबुळीत गोड थर असतो. जागेवरचे यीस्ट आणि लॅक्टिक बॅक्टेरिया त्यातली साखर खातात, आम्ल तयार होतं आणि तो थर सुटा होतो. वॉश्ड पद्धतीत साल काढून बी टाकीत साधारण १२ ते ३६ तास ठेवतात, मग चोळल्यावर खरखरीत लागली की धुवून वाळवतात. नॅचरलमध्ये अख्खं फळच वाळत घालतात, तिथं वाळता वाळता आंबणं चालू असतं. हनी म्हणजे मधला प्रकार, साल काढायची पण चिकट थर ठेवूनच वाळवायचं. आणि अनएरोबिक म्हणजे हवाबंद भांड्यात, एकेरी व्हॉल्व्ह लावून, दोन ते पाच दिवस. तेव्हा "करू का नको" असा प्रश्नच नाही, आपण लक्ष ठेवून करायचं का ते आपोआप होऊ द्यायचं एवढंच.

स्पेशालिटी हे कोण ठरवतं? मी म्हणलं तर चालेल का?

तुम्ही म्हणून काय उपयोग नाही दादा. १०० पैकी ८० किंवा जास्त गुण मिळाले तर ती कॉफी स्पेशालिटी, म्हणजे वरच्या दर्जाची. प्रशिक्षित लोक हलकी भाजून, ठराविक मापानं पाणी घालून, चमच्यानं सुरकून चव घेतात, त्याला कपिंग म्हणतात. त्याआधी कच्च्या बीचा ३५० ग्रॅमचा नमुना डोळ्यांनी तपासतात, त्यात पूर्ण काळी, पूर्ण आंबलेली असली मोठा दोष असलेली एकपण बी चालत नाही आणि छोटे दोष पाचपर्यंतच. कॉफीच्या अरेबिका आणि रोबस्टा अशा दोन मुख्य जाती, त्यातल्या रोबस्टाला वेगळी मोजपट्टी आहे, तिथं ८० च्या वरच्या मालाला फाईन रोबस्टा म्हणतात. म्हणजे रोबस्टावाल्यांनी लगेच तोंड पाडून बसायचं कारण नाही.

बरं मग हिशोब दाखवा. नुसत्या गप्पा नकोत.

दाखवतो. खालचे आकडे हिशोबापुरते धरलेत, तुमच्याकडचे दर घालून परत मांडा, गणित तेच राहील.

समजा ६०० किलो लालबुंद पिकलेली फळं आहेत. सहा किलो फळाला एक किलो कच्ची बी धरा, म्हणजे १०० किलो माल. साधा भाव किलोला ४०० धरू आणि स्पेशालिटीवाला ६०० देतोय. वरकड झाले २०,०००. बहुतेक जण इथंच हिशोब थांबवतात आणि बायकोला सांगतात.

आता खर्च. फक्त पिकलेलंच फळ निवडून तोडायचं, एकाच झाडाकडं तीन-चार फेऱ्या होतात, तर फळाच्या किलोमागं ५ रुपये जादा मजुरी, ३,००० झाले. वाळवण २५ दिवस, रोज हलवायला, झाकायला, निवडायला १५० रुपयांची मजुरी, ३,७५०. २०० लिटरचा फूडग्रेड बॅरल वर जागा सोडून भरला तर साधारण १२० किलो फळ बसतं, म्हणजे पाच बॅरल, १,५०० नं ७,५००, पाच हंगामात वाटले तर यंदाचे १,५००. पीएच (आंबटपणा) मोजायचं मीटर आणि ओलावा मोजायचं मशिन, ६,००० धरून तीन हंगामात वाटलं तर २,००० (चांगलं ओलावा मीटर याच्यापेक्षा महाग येतं, म्हणूनच ते गटात घ्यायचं, खाली लिहिलंय). आतल्या हवाबंद पिशव्या ५००. नमुने, कुरिअर, कपिंग २,०००. एकूण १२,७५०.

हातात राहिले ७,२५०. घरच्या बायामाणसांची मेहनत धरली नाही, ती धरली तर अजून खाली.

आता खरी मेख. हा लॉट बिघडला तर? बिघडलेला माल साध्या भावानंपण जात नाही, ३०० नं गेला असं धरू. मग किलोमागं १०० चा तोटा म्हणजे १०,००० आणि खर्च तर झालेलाच आहे, एकूण २२,७५० चा खड्डा. म्हणजे चार लॉटमधले तीन जमले आणि एक गेला तर तुमचा सगळा फायदा जाऊन हिशोब शून्याच्याही जरा खाली गेला. पाचातला एक गेला तर सरासरी लॉटमागं १,२५० उरतात. वीसातला एक गेला तर ५,७५०.

म्हणून मी सगळ्यांना सांगतो की ८४ चा ८७ गुण करायच्या मागं लागण्याआधी बिघडायचं प्रमाण कमी करा, पैसा तिथं आहे. भारी चवीचा एक लॉट काढणारे पुष्कळ भेटतात. सगळे लॉट ८२-८३ ला आणणारा शेतकरी कमी भेटतो, आणि रोस्टर (कॉफी भाजून विकणारा) दुसऱ्या वर्षी परत फोन यालाच करतो.

साधा बाजारभाव वाढला तर हा धंदा अजून चांगला होईल ना?

उलटं होतं. न्यूयॉर्कच्या बाजारात अरेबिका २०१९ ला पौंडाला एका डॉलरच्या खाली होती आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये चार डॉलरच्या वर गेली. साधा भाव पडलेला असतो तेव्हा स्पेशालिटीचा ६०० म्हणजे मोठी उडी असते, कारण शेजारी कवडीमोल विकत असतो. साधा भावच ५५० ला गेला तर वरचे ५० रुपये मिळवायला २५ दिवस जाळीवर फळं हलवत कोण बसणार? अशा वर्षी कर्नाटकातले बरेच लहान मळेवाले पण जे येईल ते फळ तोडून, वाळवून मोकळे होतात आणि मला त्यांचं चुकलं असं वाटत नाही. तेव्हा दर हंगामाला फळ पिकायच्या आधी बसून ठरवा, यंदा किती माल निवडून करायचा आणि किती साधा काढायचा. दरवर्षी सगळाच माल बॅरलात घालायचा असा काही नियम नाहीये.

आपल्या हवेत कॉफी येते तरी का? कोडगू-चिक्कमगळूरसारखं आपलं थोडीच आहे.

महाराष्ट्रात कॉफीचं जुनं नाव म्हणजे विदर्भातलं चिखलदरा, इंग्रजांच्या वेळचं. आपल्याकडं उंची आहे, पाचगणी साधारण १,३०० मीटर, महाबळेश्वर त्याच्याही जरा वर, आणि भारतात अरेबिका १,००० ते १,५०० मीटरला घेतात. सावलीला सिल्व्हर ओक पाचगणीत चिक्कार. पण दोन अडचणी आहेत. महाबळेश्वरला माथ्यावर साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो, कॉफीला त्याच्या निम्म्याहून कमी पुरतो. माथ्यावर मुळं कुजतात, पानं गळतात, त्यापेक्षा पूर्वेकडचा उतार बरा. दुसरं, वेण्णा लेकच्या बाजूला थंडीत दवबिंदू गोठतात, फोटो सगळेच टाकतात, पण अरेबिकाला हिमकण अजिबात सोसत नाहीत. आणि मार्च-एप्रिलमध्ये फुलासाठी एक-दोन चांगले पाऊस लागतात, नाही आले तर स्प्रिंकलर पाहिजे. लावल्यापासून फळ यायला तीन-चार वर्षं, हे नर्सरीवाले जरा हळू आवाजात सांगतात.

अजून लावली नसेल तर फर्मेंटेशनचा अभ्यास बाजूला ठेवा आणि आधी पाणी बघा. मिरीचा वेल सिल्व्हर ओकवर चढवा, कर्नाटकात कित्येकांचं घर कॉफी पडलेल्या वर्षी मिरीवरच चालतं.

किती तास ठेवायचं? एकजण ७२ सांगतो एकजण १२०.

तास सांगणाऱ्याला आधी विचारा, तुझ्याकडं रात्री किती थंडी असते. डिसेंबरात पाचगणीला रात्री १०-१२ डिग्रीला जातं, तिथं तेच फर्मेंटेशन निवांत चालतं, आणि खाली वाईला दुपारी पळत सुटतं. म्हणून घड्याळापेक्षा पीएच बघा. सुरुवातीला साडेपाच-सहाच्या आसपास असतो, उतरत उतरत साडेचारच्या जवळ आला की सावध व्हायचं, चारच्या खाली जाऊ दिला तर व्हिनेगर आणि कुजकट वासाकडं प्रवास सुरू. सकाळ-संध्याकाळ वहीत पीएच, तापमान, वास लिहून ठेवा. वही कंटाळवाणी वाटते पण लॉट चांगला झाला तर परत कसा करणार, वहीशिवाय? रोस्टरला पण तीच वही दाखवायची असते.

बॅरल सावलीत ठेवा. भरायच्या आधी फळं पाण्यात टाका, तरंगतील ती पोकळ, काढून टाका, हे फुकटचं काम आहे आणि सगळ्यात जास्त फायदा याच्यातच होतो.

बॅरल कुठला घेऊ? भंगारवाल्याकडं ३०० ला मिळतोय.

त्यात आधी औषध नाहीतर केमिकल असणार. नको. फूडग्रेडच घ्या. आणि झाकणाला व्हॉल्व्ह नसेल तर एक पाईप काढून पाण्याच्या बाटलीत बुडवा, गॅस बाहेर जाईल, हवा आत येणार नाही, खर्च ५० रुपये. एकदम ठासून बंद केलेलं झाकण उडतं, हसण्यावारी नेऊ नका. आणि बंद खोलीत बरेच बॅरल असतील तर दार-खिडकी उघडून मगच आत जा, कार्बन डायऑक्साईड खाली साठतो.

वाळवायला जागा किती लागते? मंगल कार्यालयाचं आंगण आहे आमचं.

आंगण पुरेल पण जमिनीवर नको. जाळीचे उंच बेड करा, खालून-वरून वारा लागला पाहिजे. नॅचरलला एका चौरस मीटरला साधारण १०-१२ किलोच फळ पसरायचं, म्हणजे वरच्या ६०० किलोला ५० चौरस मीटर, अर्धा गुंठा झाला. आणि ती जागा महिनाभर अडकते, तोवर दुसरी तोडणी आली तर ती कुठं टाकणार? बहुतेकांचा धंदा बॅरल कमी पडून अडत नाही, जाळी कमी पडून अडतो. पहिल्या आठवड्यात थर पातळ ठेवून सारखं हलवायचं, नाहीतर बुरशी, आणि बुरशी म्हणजे फक्त भाव जात नाही, त्यात ऑक्रॅटॉक्सिन नावाचं विष तयार होऊ शकतं, त्याच्यावर एक्स्पोर्टचा माल परत येतो. शेवटी ओलावा १० ते १२ टक्क्यांवर आणून थांबायचं. अवकाळीचा ढग दिसला की झाकायचं प्लास्टिक हाताशी पाहिजे, नोव्हेंबर-डिसेंबरचा भरवसा आता कुणी देत नाही.

इथं सांगलीवाल्यांना एक आयती सोय आहे. तासगाव, मिरज, कवठेमहांकाळकडच्या बेदाण्याच्या शेड, त्या मजल्यामजल्यांच्या जाळ्या, फेब्रुवारीनंतर भरतात. अरेबिकाची तोडणी नोव्हेंबर ते जानेवारी, तेव्हा त्या मोकळ्या असतात. पण फळ तोडल्यावर काही तासांतच कामाला लागलं पाहिजे, पाटणहून टेम्पोत भरून तासगावला नेईस्तोवर ते वाटेतच आपल्या मर्जीनं आंबायला लागेल. त्यापेक्षा तसली जाळीची शेड बांधणारा फॅब्रिकेटर वर बोलवा, त्याला सगळी मापं माहिती असतात.

स्ट्रॉबेरी टाकून आंबवली तर? आपली महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी, जीआय (भौगोलिक मानांकन) पण आहे, नाव होईल.

हा प्रश्न नाही आला असं होतच नाही. त्याला को-फर्मेंट म्हणतात, जगात चालतं, कॅफेत तरुण पोरं आवडीनं पितात. पण मग ती कॉफी कशी आहे हे कुणाला कळत नाही, सगळं स्ट्रॉबेरीच बोलते. बऱ्याच स्पर्धांत बाहेरचं काही घातलेलं चालत नाही, आणि घातलं हे लपवलं तर पुढच्या वर्षी तो खरेदीदार दारात उभं करत नाही. करायची तर पिशवीवर स्पष्ट लिहून करा आणि तुमचा सगळ्यात चांगला लॉट त्यात घालू नका, मधल्या दर्जाचा घाला. कॅनिंगला जाणारी बारीक स्ट्रॉबेरी स्वस्त मिळते म्हणून हिशोब बसूही शकेल. एसेन्स ओतून "नैसर्गिक फर्मेंटेशन" म्हणणारे पण आहेत, त्याला मी शेती म्हणत नाही.

पाकिटातलं यीस्ट घ्यावं का?

पहिल्या वर्षी नको. कॉफीसाठी वेगळं यीस्ट मिळतं आणि त्याचा खरा फायदा चव एकसारखी येण्यात आहे, म्हणजे बिघडायचं प्रमाण कमी, आणि वर बघितलं तसं सगळा फायदा तिथंच आहे. पण ज्याची तोडणीच मिक्स आहे त्याला यीस्ट वाचवू शकत नाही.

घेणार कोण? आणि पेमेंट?

बॅरल भरायच्या आधी विचारायचा प्रश्न हा, आणि सगळे विचारतात माल तयार झाल्यावर. पुण्या-मुंबईत छोटे रोस्टर आहेत, बेंगळुरूत तर भरपूर. त्यांना ३०-५०-१०० किलोचे लॉट चालतात. हंगामाच्या आधी भेटा, कुठली पद्धत पाहिजे विचारा, एखादा म्हणेल मला अनएरोबिक नकोच, स्वच्छ वॉश्ड दे. अनएरोबिकला वर्षाला चार-पाच पोती लागतात त्यांना, साध्या स्वच्छ कॉफीला शंभर. हे ऐकून पुष्कळ जणांचा उत्साह मावळतो पण खरं आहे.

नमुना पाठवल्यावर महिनाभर उत्तर येत नाही, मग थोडा माल घेतात, मग पेमेंट पुढच्या महिन्यात. अडत्याकडं माल टाकला की पट्टी आणि पैसे हातात, ती सवय असलेल्याला हे जड जातं. सोसायटीचं कर्ज मार्चअखेर भरायचं असेल तर सगळा माल असा अडकवू नका. अर्धा साधा विका, पैसा फिरता ठेवा. आणि आगाऊ २५-३० टक्के मागा, लाजू नका, नाही म्हणाला तर नाही.

एकट्याला परवडत नाही, गट केला तर?

गटातच परवडतं. मीटर एक, जाळी एक, कपिंगचा खर्च एक, आणि १०० किलोचा लॉट एका घरचा होत नसेल तर पाच घरचा होतो. एकरी सहा बाय सहा फुटांवर १,२१० झाडं बसतात पण आपल्याकडं बहुतेकांची शे-दोनशेच आहेत. भांडण होतं ते कुणाचं फळ किती पिकलेलं यावरनं. त्याला डेअरीचा धडा घ्या, दुधाला जसा फॅट लावून दर देतात तसा फळाला पिकल्याचा टक्का लावून दर द्या. प्रत्येकाच्या पाटीतनं १०० फळं मोजून काढायची, ९५ लाल असतील तर पूर्ण दर, ८५ असतील तर कमी, त्याखाली असेल तर तो माल साध्या लॉटला. पहिल्या दिवशी आरडाओरडा होईल, पण चार दिवसांत पाट्या सुधारतात.

आंध्रात अराकू खोऱ्यात आदिवासी शेतकऱ्यांची लहान लहान तुकड्यांवरची कॉफी एकत्र करूनच पॅरिसपर्यंत गेली, २०१९ ला जीआय पण मिळाला.

साल, पार्चमेंट (बीवरचं कडक टरफल) काढायचं कुठं? आपल्याकडं कुणी करत नाही.

बरोबर, क्युरिंग वर्क्स (साल-टरफल काढून बी निवडणारे कारखाने) बहुतेक कर्नाटकात, आणि छोटे लॉट घ्यायला ते नाखूष असतात, घेतले तर मिसळायची भीती. छोटं हलर (टरफल काढायचं) मशिन गटानं घ्यावं. तोवर वाळलेला माल पार्चमेंटमध्येच ठेवा, टिकतो जास्त, सोलायचं अगदी पाठवायच्या आधी.

स्वतःच भाजून पर्यटकांना विकलं तर सगळ्यात जास्त नाही का मिळणार?

किलोमागं हो. पण भाजताना १५ ते १८ टक्के वजन उडतं, १०० किलोचे ८२-८५ राहतात, मशिन, पिशवी, एफएसएसएआयची (खाद्यपदार्थ विकायची) नोंदणी, दुकानाचं भाडं. आणि पाचगणीला गाडी थांबवणाऱ्या माणसाला अनएरोबिक आणि साध्यातला फरक कळावा अशी अपेक्षा करू नका, त्याला "इथंच पिकलेली" हे कळतं. म्हणजे रस्त्यावर विकायचीच असेल तर बॅरलचा खर्च करूच नका, स्वच्छ नॅचरल करा, भाव तोच येईल. माझं मत, ज्यांचं आधीच होमस्टे किंवा स्ट्रॉबेरीचा स्टॉल आहे त्यांनी हाच रस्ता धरावा.

जत, आटपाडी, कवठेमहांकाळला लावू का?

नका लावू. डाळिंब, द्राक्ष सांभाळा. शिराळ्याच्या पश्चिमेला, चांदोलीकडं थोडी रोबस्टा करून बघता येईल, तीपण पाणी असेल तर.

धुतलेलं पाणी ओढ्याला सोडलं तर चालेल का, थोडंसंच तर असतं.

नाही चालणार. त्या पाण्यात साखर आणि आम्ल असतं, ओढ्यात गेलं की पाण्यातला ऑक्सिजन खाऊन टाकतं, मासे मरतात, वास सुटतो. आणि महाबळेश्वर-पाचगणी २००१ पासून इको सेन्सिटिव्ह झोन आहे, कृष्णा, कोयना, वेण्णा तिथनंच निघतात, खालचे सगळे तेच पितात. लहान लॉटला खड्डा काढून, त्यात चुना टाकून आम्ल मारायचं आणि मग ते पाणी झिरपू द्यायचं, तोही खड्डा विहिरीपासून लांब. नॅचरल केलं तर हा प्रश्नच येत नाही, पाणी लागतं ते फक्त फळं तरंगवायला. ओली साल शेणात मिसळून चार-पाच महिने कुजवा आणि पावसाच्या तोंडावर झाडाच्या बुंध्यापासून हातभर लांब टाका, ताजी टाकली तर मुळं भाजतात.